कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली शिकलेली मुले



निकाल लागले की गट ऑफिसात हल्ली एक प्रश्न हमखास येतो : "साहेब, पोरगं बी.एस्सी. अ‍ॅग्री झालं. आता एआय आलंय म्हणतात, मग नोकऱ्या राहणार का?" प्रश्न रास्त आहे. ऊसबिलातली मोठी रक्कम शिक्षणापायी जाते. म्हणून खतपाण्याऐवजी या वेळी हाच विषय घेत आहोत.

एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. जुन्या संगणकाला प्रत्येक पायरी सांगावी लागे. हे यंत्र असंख्य उदाहरणे पाहून अंदाज बांधायला शिकते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि पत्रे, अहवाल क्षणात तयार होऊ लागले. उसातही ते आले आहे. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट व ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने असा प्रयोग केला आहे. उपग्रहाची चित्रे, जमिनीतील सेन्सर व हवामान केंद्र यांची माहिती एकत्र करून शेतकऱ्याला मोबाईलवर सल्ला मिळतो.

आता याची मर्यादा पाहू. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रातला बारीकात बारीक ठिपका १० मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे जवळपास एक गुंठा. एकराचे ४० ठिपके झाले. साधारण पाच दिवसांनी नवे चित्र येते, पण ढग असले की खालचे दिसत नाही. समजा, एका फडात पाच ठिपके फिके दिसले. यंत्र सांगेल, येथे वाढ कमी आहे. पण कारण काय?

(१) खालची जुनी पाने आधी पिवळी : नत्र कमी.
(२) कोवळी पाने पिवळी, शिरा हिरव्या : लोह कमी. चुनखडीच्या रानात हे नेहमीचे.
(३) बेट ओढताच हातात आले, मुळ्या खाल्लेल्या : हुमणी.
(४) पाणी साचून मुळ्या कुजलेल्या : निचरा नाही.

वरून चारही सारखेच दिसू शकतात, उपाय मात्र चार वेगळे. हुमणीच्या बेटाला युरिया टाकला तर युरियाही गेला आणि ऊसही गेला. पानाच्या फोटोवरून रोग ओळखणारी यंत्रे निघाली आहेत, तरी मातीखालची मुळी कोणीतरी उकरून पाहावीच लागते. शिकलेल्या माणसाचे काम येथे सुरू होते.

आजवर नव्या पदवीधराला सुरुवातीस नोंदी उतरविणे, तक्ते भरणे, अहवाल लिहिणे अशी कामे मिळत. नेमकी हीच कामे यंत्राला सोपी जातात. खरा धोका असा की, नवशिका याच कामांतून तयार होत असे. पहिली पायरीच गेली तर वरची चढायची कशी? ती पायरी मुलांनी शिकता शिकताच शेतावर भरून काढली पाहिजे. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालात, २०३० पर्यंत कामाची ३९ टक्के मुख्य कौशल्ये बदलतील असा नोकरी देणाऱ्यांचा अंदाज आहे. त्यांची सर्वांत जास्त मागणी विश्लेषण करून विचार करणाऱ्याला आहे.

तेव्हा मुलामुलींनी पुढील गोष्टी शिकाव्यात :

१. नेमके विचारणे. "उसाला खत किती?" असे विचारले तर उत्तर मोघमच येणार. जात, लागणीचा महिना, माती परीक्षण व पाणी सांगितले तर कामाचे उत्तर मिळते.

२. उत्तर पारखणे. यंत्र चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे देते.

३. नोंद अचूक ठेवणे. लागणीची तारीख वा क्षेत्र चुकले की टनाचा अंदाज चुकतो आणि तोडणीची पाळीही बिघडते.

४. समजावून सांगणे. शेतकरी "का?" असे विचारणारच. सल्ला फसला तर यंत्र बांधावर येऊन उभे राहत नाही, माणसालाच उभे राहावे लागते.

आमची सूचना अशी : सुट्टीत मुलाला, मुलीला फडात न्या. कुदळ, वही आणि मोबाईल तिन्ही हाती द्या. मोबाईलवरचा सल्ला आधी वहीत लिहावा, मग बेट उकरून पाहावे आणि दोन्ही जुळले की नाही ते नोंदवावे. एक हंगाम एवढे केले तरी पदवीच्या कागदाला वजन येईल. माती परीक्षणाचा अहवाल वाचायला शिकायचा असेल त्यांनी आपल्या गटाच्या शेती मदतनीसांना अवश्य भेटावे.