रुग्णालयांतील समता



गेल्या पावसाळ्यांत आमच्या वर्गांतील एक मुलगा क्रीडांगणावर घसरून पडला व त्याचें मनगट सुजलें. आम्ही त्याला घेऊन शहरांतील एका मोठ्या रुग्णालयांत गेलों. बाहेर पुष्कळ माणसें खोळंबलीं होतीं. आमच्या पुढें एक मजूर बाई तापानें फणफणलेलें तान्हें मूल मांडीवर घेऊन जमिनीवर बसली होती. नांवें लिहून घेणारा कारकून आमचा जुना विद्यार्थी निघाला. "सर, आपण आधीं आंत चला," असें तो म्हणाला, आणि आम्ही आंत गेलों. त्या बाईनें एकदां आमच्याकडे पाहिलें; बोलली मात्र कांहींच नाहीं.

मुलाचें मनगट यथाकाल बरें झालें. परंतु ती नजर आमच्या मनांतून गेली नाहीं. वर्गांत समतेचा धडा देणाऱ्यानेंच रुग्णालयाच्या दारांत तो विसरावा, हें आम्हांस शोभलें नाहीं. त्या दिवशींची चूक कारकुनाची थोडी व आमची अधिक होती. म्हणून रुग्णालयांत समता म्हणजे नेमकें काय व ती कशानें साधते, याचा आज आपण मिळून विचार करूं.

पहिली गोष्ट रांगेची. जो आधीं आला त्याला आधीं, हा नियम तिकिटाच्या खिडकीवर न्याय्य आहे. रुग्णालयांत तो पुरेसा नाहीं. नेपोलियनच्या सैन्यांत डोमिनिक लारे नांवाचा प्रसिद्ध शस्त्रवैद्य होता. ज्याची जखम अधिक घातक त्याच्यावर उपचार आधीं, मग तो सेनापति असो वा साधा शिपाई, आपला असो वा शत्रूचा, असा त्यानें दंडक घातला. आजही तातडीच्या विभागांत प्रथम श्वास, रक्तस्राव व शुद्धि हीं पाहतात, आणि त्यांवरून कोणाला आधीं घ्यावयाचें हें ठरवितात. या दंडकाप्रमाणें पाहतां तान्ह्या मुलाचा तीव्र ताप सुजलेल्या मनगटाच्या पुढें जावयास हवा होता. रोगाची निकड हीच तेथें एकमेव पदवी. ओळख, पोशाख किंवा आडनांव ही पदवी नव्हे.

दुसरी गोष्ट दाराची. रांग न्यायानें चालली तरी रांगेपर्यंत ज्यांना पोहोंचतांच येत नाहीं त्यांचें काय ? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत आयडा स्कडर नांवाची एक तरुण अमेरिकन मुलगी आजच्या तामिळनाडूंतील तिंडिवनम् येथें आपल्या डॉक्टर वडिलांच्या घरीं राहत होती. एका रात्रीं तिच्याकडे एकामागून एक तीन पुरुष आले : एक ब्राह्मण, एक मुसलमान आणि आणखी एक उच्चवर्णीय हिंदु. तिघांच्याही बायका प्रसूतींत अडल्या होत्या. वडील जावयास सिद्ध होते; परंतु परपुरुषानें बायकोस पाहणें तिघांसही मान्य नव्हतें, आणि आयडा तर डॉक्टर नव्हती. सकाळीं कळलें कीं, तिन्ही स्त्रिया मरण पावल्या. त्या एका रात्रीनें त्या मुलीच्या आयुष्याची दिशा बदलली. तिनें अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठांत वैद्यक शिकून १८९९ सालीं पदवी घेतली, १९०० सालीं ती परत आली, १९०२ सालीं वेलोर येथें स्त्रियांसाठीं चाळीस खाटांचें रुग्णालय उघडलें आणि १९१८ सालीं मुलींसाठीं वैद्यकाची शाळा सुरू केली. आमच्या मुंबईंतही १८८६ पासून चालत आलेलें कामा रुग्णालय याच विचारानें स्त्री-डॉक्टरांच्या हातीं सोंपविलेलें होतें.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्या. स्कडर डॉक्टरांनीं त्या स्त्रियांना दार बंद केलें नव्हतें. तरी त्या तिघींना आंत येतां आलें नाहीं. दार उघडें ठेवणें ही समतेची केवळ सुरुवात होय. कोण आंत येत नाहीं व कां येत नाहीं, हें विचारणें ही तिची पुढची पायरी होय. अपंगाला जिना चढवत नाहीं, मजुराला दिवसाची मजुरी बुडविणें परवडत नाहीं, तृतीयपंथी मनुष्याला कुचेष्टेचें भय वाटतें. प्रत्येकाची अडचण निराळी, म्हणून उपायही निराळा.

तिसरी गोष्ट साधनांची. सर्वांना तेंच एक यंत्र लावलें म्हणजे समता झाली, असें वाटणें साहजिक आहे. कोरोनाच्या सांथींत बोटाला चिमट्यासारखें लावावयाचें ऑक्सिमीटर पालकांनीं पाहिलेंच असेल. त्याचा प्रकाश त्वचेंतून जातो व त्यावरून रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण कळतें. २०२० सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं असें दाखविलें कीं, यंत्र शेंकडा ९२ ते ९६ असा समाधानकारक आंकडा दाखवीत असतांनाही रक्ताच्या प्रत्यक्ष तपासणींत प्राणवायु शेंकडा ८८ हून कमी आढळला. आणि असें गोऱ्या रोग्यांत शेंकडा सुमारें ४ वेळां, तर काळ्या रोग्यांत शेंकडा सुमारें १२ वेळां घडलें. यंत्राच्या मनांत द्वेष नव्हता. काळ्या त्वचेवर त्याची पुरेशी पारख झाली नव्हती, एवढेंच. विविधतेकडे दुर्लक्ष केलें म्हणजे निर्दोष हेतूंतूनही अन्याय कसा उपजतो, याचें हें उदाहरण होय.

चौथी गोष्ट भाषेची व आचाराची. मेळघाटांतील आजी कोरकू बोलते, गडचिरोलींतील गोंडी वा माडिया, नंदुरबारकडील भिली. डॉक्टर मराठींत भराभर विचारतात आणि आजी भिडेनें मान डोलावते. अशा वेळीं पुष्कळदां शाळकरी नातवालाच दुभाषी करतात. तो मुलगा आपल्या आजीला स्त्रियांचे आजार कसे विचारणार, आणि ती तरी त्याला कसें सांगणार ? यासाठीं जाणत्या दुभाष्याची योजना हवी. मधुमेहाचा रोगी रमजानचे रोजे किंवा एकादशीचा उपास धरीत असेल, तर इन्शुलिनचें मान व वेळ डॉक्टरांस आधीं ठरवितां येते; त्यांनीं विचारलेंच नाहीं व त्यानेंही सांगितलें नाहीं, तर साखर एकाएकीं उतरून तो बेशुद्ध पडण्याचें भय असतें. श्रद्धेची थट्टा न करतां ती विचारून घेणें, हाही औषधोपचाराचाच भाग आहे.

पांचवी गोष्ट तेथें राबणाऱ्यांची. जी परिचारिका रात्रभर उशापाशीं जागते, तिची जात काढून तिच्या हातचें पाणी नाकारणारे रोगी आजही भेटतात. जो झाडूवाला फरशी पुसून रोगजंतु दूर ठेवतो, त्याला चहाचा पेला निराळा देणारेही आढळतात. रोग्यांस समता मिळावी असें वाटत असेल, तर ती देणाऱ्या हातांसही मिळाली पाहिजे.

कायदा या बाबतींत मूक नाहीं. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत असलेल्या आपल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली. १९८९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, जखमी मनुष्यास पोलिसांच्या सोपस्कारांची वाट न पाहतां तत्काळ उपचार देणें हें सरकारी व खासगी प्रत्येक डॉक्टराचें कर्तव्य आहे. २०१७ च्या कायद्यानें एच्.आय्.व्ही. बाधितांशीं भेदभाव करण्यास मनाई केली. परंतु कायदा दारावर पाटी लावूं शकतो. दारांत उभ्या राहणाऱ्या माणसाचें मन त्याला घडवितां येत नाहीं. तें काम घर आणि शाळा यांचें आहे.

तुमच्यांतील कोणी पुढें डॉक्टर होतील, कोणी परिचारिका, कोणी तो नांवें लिहिणारा कारकून. कांहीं जण रोगी म्हणून तरी तेथें जातीलच. आमच्या त्या विद्यार्थ्यानें गुरूविषयींच्या आदरानें आम्हांस पुढें बोलाविलें, हें आम्ही जाणतों. त्या वेळीं, "बाळा, आधीं त्या बाईचें मूल पाहूं दे," एवढें एक वाक्य आम्ही बोलावयास हवें होतें. आम्हांस तें सुचलें नाहीं. तुम्हांस सुचावें, म्हणून हा लेख.

घरीं वडीलधाऱ्यांशीं बोलून उत्तरें काढण्यासाठीं तीन प्रश्न :

(१) सर्वांना सारखें वागविणें आणि सर्वांना न्याय देणें यांत फरक कोणता ?

(२) आपल्या गांवच्या दवाखान्यांत कोण येत नाहीं, व कां ?

(३) ओळखीमुळें आपला नंबर आधीं लागत असेल, तर आपण काय करावें ?