खिचडीचा हक्क आहे, गोष्टीचा नाही

प्रश्न : शेजारचा मुलगा सहा वर्षांचा झाला, तेव्हा शाळेतले गुरुजी घरी येऊन बसले. "नाव घाला, कायदाच आहे," म्हणाले. माझा नातू चार वर्षांचा आहे. त्याच्यासाठी असा कायदा का नाही? गावात अंगणवाडी आहे, पण ती आमच्या हक्काची की सरकारच्या मर्जीची? — एक आजोबा, माण तालुका

उत्तर : आजोबा, तुमच्या नातवाला हक्क आहे, पण अर्धाच. अंगणवाडीत त्याला जेवायला मिळालंच पाहिजे, असं कायदा म्हणतो. तिथे कुणी त्याला गोष्ट सांगावी, गाणं म्हणून घ्यावं, मणी ओवायला द्यावेत, याची सक्ती मात्र कायद्याने कुणावरच केलेली नाही. 2013च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना गावच्या अंगणवाडीतून वयाप्रमाणे मोफत आहार देणं बंधनकारक आहे. शिक्षण हक्काचा 2009चा कायदा मात्र सहाव्या वर्षापासून लागू होतो. त्याच्या अकराव्या कलमात तीन ते सहा वयाच्या मुलांचा उल्लेख आहे, पण त्यांच्या शिक्षणाची मोफत सोय करणं सरकारच्या इच्छेवर सोडलेलं आहे. म्हणजे खिचडी मिळाली नाही तर तुम्ही दाद मागू शकता. गोष्ट सांगितली नाही तर फार तर अंगणवाडीच्या ताईंकडे लाडिक तक्रार करू शकता.

मुळात हे असं नव्हतं, आणि तुमच्या प्रश्नातली खरी मेख इथेच आहे. राज्यघटना लागू झाली तेव्हाचं 45वं कलम सांगत होतं की दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा राज्याने प्रयत्न करावा. त्यात वयाची खालची मर्यादा नव्हतीच. चार वर्षांचं मूलही त्यात आपोआप येत होतं. दहा वर्षं गेली, चाळीस गेली. 1993 साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर संसदेने 2002 साली 86वी घटनादुरुस्ती केली, आणि तिचा गाजावाजा असा झाला की शिक्षण आता मूलभूत हक्क झालं. झालं, पण सहा ते चौदा वयापुरतं. सहाच्या आतली मुलं 45व्या कलमातच राहिली. त्यांचं संगोपन आणि शिक्षण यांसाठी राज्य 'प्रयत्न करील', एवढंच त्यात लिहिलेलं आहे. बालकांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी तेव्हा याला विरोध केला होता. तो ऐकला गेला नाही.

आता अंगणवाडीकडे येऊ. अंगणवाडी म्हणजे खिचडीचं केंद्र, असा समज गावोगाव आहे. पण तिची सुरुवात आहारातून झालेली नाही, शिक्षणातून झालेली आहे, आणि तीही आपल्याकडेच. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालमंदिरात काम केलेल्या ताराबाई मोडक 1945 साली बोर्डीला आल्या. बोर्डी हे आजच्या पालघर जिल्ह्यातलं समुद्रकाठचं गाव. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी काढायची, एवढा साधा बेत होता. पण बालवाडी काढली म्हणून मुलं येतात असं नाही. दलित वस्तीतली मुलं येईनात. मग या दोघींनी बालवाडीच वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात मुलं जमवायची, नाकं पुसायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि खेळ. माँटेसोरी पद्धतीचं महागडं साहित्य तिथे कुठून आणणार? म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे हेच साहित्य झालं. त्यात काटकसर होती, पण पोरांच्या ओळखीच्या वस्तूंतून शिकवायचं हा विचारही होता.

पुढे 1950च्या दशकात हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. तिथली अडचण वेगळी होती. मोठी मुलं गुरं घेऊन रानात, आणि त्यांच्याहून जराशी लहान मुलगी कडेवर भाऊ घेऊन घरात. शाळा काढली तरी त्या मुलीने यायचं कसं? मग गुराख्यांसाठी रानातच कुरणशाळा निघाली, आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. त्या सोयीला 'विकासवाडी' म्हणत. तान्हा भाऊ पाळणाघरात, मधला बालवाडीत आणि ताई वर्गात. अंगणवाडी, कुरणशाळा, विकासवाडी या सगळ्यांचा पाया एकच होता : मूल शाळेपर्यंत येत नसेल तर दोष मुलाचा नाही, शाळेने उठून चालायला हवं. आजही याच्या पुढचा शहाणपणा कुणी सांगितलेला माझ्या वाचनात नाही.

सरकारी अंगणवाडी आली ती बोर्डीच्या बालवाडीनंतर तीस वर्षांनी. 1972 साली मीना स्वामीनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने लहान मुलांचं शिक्षण, आरोग्य आणि आहार एकत्र बघावा अशी मांडणी केली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली. तिच्यात सहा सेवा होत्या : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरजेप्रमाणे दवाखान्यात पाठवणी, आयांना आहार-आरोग्याची माहिती आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. आज देशात सुमारे 14 लाख अंगणवाड्या आहेत, त्यातल्या लाखभराहून अधिक महाराष्ट्रात. एवढा पसारा उभा करणं सोपं नव्हतं, हे मान्य करायला हवं.

पण या सहाही सेवा एका सेविकेच्या आणि एका मदतनिसाच्या गळ्यात आहेत. सकाळी मुलं गोळा करा, वजन-उंची घ्या, सॅम-मॅमची, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषित, मुलं वेगळी नोंदवा, घरपोच आहाराची पाकिटं वाटा, गरोदर बायकांच्या घरी जा, लसीकरणाच्या दिवशी नर्सबाईंबरोबर उभं राहा, आणि हे सगळं मोबाइलमध्ये भरा. वरून कधी निवडणुकीचं काम, कधी कुठलं सर्वेक्षण. जेवण शिजलं नाही तर वरून विचारणा होते. नोंद भरली नाही तर लगेच फोन येतो. गोष्ट सांगायची राहिली तर कुणी विचारत नाही. कामाच्या गर्दीत मागे पडतं ते नेमकं विचारणा नसलेलं काम. यात सेविकेचा आळस शोधणाऱ्यांनी एक दिवस तिच्या जागी बसून पाहावं. शिवाय तिला मिळतं ते वेतन नव्हे, मानधन. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला 2022 साली सांगावं लागलं. महाराष्ट्रात 2023च्या डिसेंबरात सुरू झालेला सेविका-मदतनिसांचा संप जानेवारीच्या अखेरपर्यंत चालला, तोही मानधन आणि ग्रॅच्युइटी अशा मागण्यांवरच.

मग उपाय काय? तमिळनाडूत एक प्रयोग झाला, तो मला फार बोलका वाटतो. तिथल्या काही अंगणवाड्यांमध्ये फक्त शिकवण्यासाठी, अर्ध्या वेळेपुरती, आणखी एक व्यक्ती नेमली आणि 640 केंद्रांची तुलना केली. दीड वर्षात जास्तीची व्यक्ती असलेल्या केंद्रांतला शिकवण्याचा वेळ जवळपास दुप्पट झाला आणि मुलं गणितात व भाषेत स्पष्टपणे पुढे गेली. इथवर अपेक्षेप्रमाणेच. पण तिथे खुरटलेल्या आणि तीव्र कुपोषित मुलांचं प्रमाणही कमी झालं. कारण शिकवण्याचं ओझं हलकं झाल्यावर मूळच्या सेविकेला आहार-आरोग्याकडे लक्ष द्यायला सवड मिळाली. नवी इमारत नाही, टॅब्लेट नाही, रंगीत भिंती नाहीत. दोन हात वाढवले, एवढंच. आपल्याकडे मात्र अंगणवाडी सुधारायची म्हटलं की आधी भिंतीवर हत्ती-जिराफ काढले जातात.

2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, म्हणजे तुमचा नातू कागदोपत्री आता शाळेच्या पहिल्या पायरीवर उभा आहे. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. न्यायालयात उभं राहायचं तर कायदाच लागतो.

प्रश्न : आमच्या गावातून आता पिवळ्या व्हॅनमधून साडेतीन वर्षांची मुलं तालुक्याच्या इंग्रजी नर्सरीत जातात. चार महिन्यांत ए-बी-सी-डी लिहायला लागतात. अंगणवाडीतली मुलं मागे पडणार नाहीत का? — एक आई, इंदापूर

उत्तर : लिहायला लागणं आणि शिकणं या दोन गोष्टी या वयात वेगळ्या असतात, ताई. साडेतीन वर्षांच्या मुलाची बोटं आणि मनगट अजून तयार होत असतात. माती मळणं, कागद फाडणं, मणी ओवणं यांतून ती तयार होतात, पाटीवरचं अक्षर गिरवून नव्हे. आसाम, राजस्थान आणि तेलंगणातल्या सुमारे 14 हजार मुलांचा काही वर्षं मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की खासगी शाळांत पहिलीचाच अभ्यास खाली ओढून आणलेला होता, तर अंगणवाड्यांत शिकवणं नावापुरतंच होतं. पहिलीत जायच्या वेळी दोन्हीकडची बरीच मुलं शाळेसाठी तयार नव्हती. तेव्हा व्हॅनच्या फीपायी दागिना गहाण ठेवू नका. घरी मुलाशी मराठीत भरपूर बोला, आणि अंगणवाडीत रोज किती वेळ गाणी-गोष्टी होतात ते जाऊन बघा.

प्रश्न : आम्ही दर वर्षी ऊसतोडीला जातो. पोरगी तीन वर्षांची आहे. गावात अंगणवाडी आहे, कारखान्यावर नाही. तिला कोण बघणार? — एक मजूर, आष्टी तालुका

उत्तर : तुमचा प्रश्न वरच्या दोन्हींपेक्षा अवघड आहे. पाळणाघराचे कायदे आपल्याकडे पुष्कळ आहेत. तीसहून जास्त बायका असलेल्या कारखान्यात ते असलंच पाहिजे, पन्नासहून जास्त बायका असलेल्या बांधकामावर असलंच पाहिजे, असा 2025 सालापर्यंत नियम होता. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेतही ते असावं लागतं. रोजगार हमीच्या कामावर सहाच्या आतली पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी, असाही नियम आहे. ऊसतोड यातल्या कशातच नीट बसत नाही. तुमची उचल मुकादमाकडून, ऊस कारखान्याचा, फड शेतकऱ्याचा. मालक कोण, हे विचारलं की तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. आणि 'कोयता' म्हणजे नवरा-बायको दोघं, त्यामुळे कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, पोरांपाशी थांबायला मागे उरते ती सात-आठ वर्षांची थोरली मुलगी. कोसबाडला पाहिलेली तीच मुलगी.

आज करता येण्यासारखं : निघण्याआधी गावच्या अंगणवाडीत मुलीची पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमधली नोंद पक्की करून घ्या. तिथे स्थलांतराची नोंद होते, आणि त्या आधारे कारखान्याजवळच्या अंगणवाडीतून तिला आहार मागता येतो. जवळ अंगणवाडीच नसेल, तर ऊसतोड्यांच्या अड्ड्यावरच्या सहा वर्षांखालच्या मुलांची यादी करा. ज्या वस्तीत अशी किमान 40 मुलं आहेत, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा 13 डिसेंबर 2006चा आदेश आहे. तो ग्रामीण वस्त्या आणि झोपडपट्ट्यांसाठी आहे आणि हंगाम पाच महिन्यांचाच असतो, म्हणून 'तात्पुरती वस्ती' म्हणून अर्ज फेटाळला जाईल, याची तयारी ठेवा. तरी अर्ज लेखी द्या, तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या नावे, मुलांची नावं आणि वयं लिहून, आणि पोचपावती घ्या. टोळीतल्या इतर कोयत्यांच्या सह्या घेतल्या तर बरं. अंगठे चालतात.