वेळासची कासवे

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात, समुद्राकाठी वेळास नावाचे लहानसे गाव आहे. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांचे हे मूळ गाव. माडांच्या बागा, कौलारू घरे आणि पलीकडे लांबच लांब पुळण, असा त्याचा थाट आहे. थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या रात्री या पुळणीवर येतात. मागच्या पायांनी मादी सुमारे दीड फूट खोल, मडक्याच्या आकाराचा खड्डा खणते, त्यात शंभरएक अंडी घालते, वर वाळू दाबून बसवते आणि समुद्रात निघून जाते. ती त्या अंड्यांकडे पुन्हा फिरकत नाही.

पुढचे 45 ते 60 दिवस अंड्यांना कोणी वाली नसतो. कोल्हे आणि कुत्री ती उकरून खातात. पूर्वी माणसेही मागे नव्हती. वाळूत उमटलेला माग पाहून घरटे हुडकावे, अंडी खावी किंवा विकावी, असा जुना परिपाठ होता. कायद्याने तो गुन्हा ठरला होता. परंतु पहाटेच्या काळोखात, निर्जन किनाऱ्यावर कायदा कोठून येणार?

2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेचे भाऊ काटदरे व त्यांचे सहकारी यांना येथे अंड्यांची टरफले आढळली. घरटी राखण्याचे त्यांनी ठरविले, तेव्हा पैशाचा प्रश्न उभा राहिला. जाळी हवी, कुंपण हवे, महिनोन् महिने रोज पहाटे किनारा धुंडाळणारा माणूस हवा. ज्याचे पोट हातावर आहे, त्याला केवळ उपदेश करून काय होणार? म्हणून माग काढण्यात तरबेज अशा स्थानिक माणसांनाच मानधन देऊन राखणीस ठेवण्यात आले. पहिल्याच हंगामात 50 घरटी वाचली.

राखणदार घरट्यातील अंडी उलटीपालटी न करता अलगद उचलतो आणि कुंपणाच्या आत, तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुरतो. दिवस भरत आले की खड्ड्यावर टोपली पालथी घालतात. पिल्ले वाळूतून वर आली की त्यांना पाण्यापासून थोडे दूर सोडतात. तेथून ती आपल्या पायांनी समुद्र गाठतात.

परंतु देणग्यांवर असे काम किती वर्षे चालावे? 2006 पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला. पिल्ले पाहण्यास येणारे लोक गावकऱ्यांच्याच घरी उतरतात; राहण्याजेवणाचे पैसे त्या घरांना मिळतात. जे अंडे पूर्वी एकदाच विकले जाई, ते वाळूत राहिल्याने दरवर्षी गावात मिळकत येऊ लागली. अर्थात गर्दीचाही धोका आहेच. विजेरीच्या उजेडाने पिल्ले वाट चुकतात, पायाखाली चिरडू शकतात. म्हणून दोरी बांधून लोकांना दूर उभे करतात. एखादे दिवशी एकही पिल्लू बाहेर पडत नाही आणि पाहुणे हिरमुसून परततात. त्याला इलाज नाही.

किनाऱ्यापलीकडे कासवांवर निराळेच संकट असते. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. जाळ्यात अडकले, तर ते गुदमरून मरते. त्याला सोडवायचे, तर कोळ्याला आपले जाळे कापावे लागते आणि जाळे महाग असते. म्हणून अशा संरक्षित जलचरांना जिवंत सोडणाऱ्या मच्छीमारांना 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने 2018 साली सुरू केली. त्यासाठी प्राणी सोडतानाचे छायाचित्र मात्र दाखवावे लागते.