अडीच लाखांचा कॅमेरा साडेतीन लाखांना पडतो

लग्नसराई तोंडावर आली की कॅमेऱ्यांच्या चौकश्या वाढतात. रायापूरकरांना हुबळी आणि धारवाड या दोन्ही बाजारपेठा चिगरी बसने जवळ, त्यामुळे भाव दोन्हीकडे काढावा. मात्र दुकानात पाऊल टाकण्याआधी कागदावर हिशेब मांडावा.

एकूण खर्च

उदाहरणासाठी सोनी अल्फा ७ मार्क ४ घेऊ. २०२२ च्या सुरुवातीला तो भारतात आला तेव्हा नुसत्या बॉडीची किंमत २,४२,४९० रुपये होती. त्यातले ३६,९९० रुपये १८ टक्के जीएसटीचे. नोंदणी असलेल्या स्टुडिओला पक्क्या बिलावर ही रक्कम इनपुट क्रेडिट म्हणून वळती करता येते. म्हणून ‘बिल नको, दोन हजार कमी करतो’ हा सौदा तोट्याचाच.

बाकीचा खर्च अंदाजे असा:

- एफ २.८ ची २८-७५ मिमी टॅमरॉन झूम: ८०,००० रुपये
- १२८ जीबीची दोन व्ही६० कार्डे: १५,००० रुपये
- एक जादा बॅटरी: ७,००० रुपये
- बॅग, फिल्टर, चार्जर: १०,००० रुपये

बेरीज साडेतीन लाखांवर जाते. सोनीचीच जी मास्टर झूम हवी असेल तर लेन्सचा आकडा दुपटीहून वर. कार्डांत काटकसर नको: १०० मेगाबिटच्या गतीने केलेले ४के चित्रण तासाला ४५ जीबी जागा घेते. हळदीपासून पंगतीपर्यंत चित्रण करायचे तर एक कार्ड पुरत नाही.

बारीक अक्षरे वाचा

याच कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात सेकंदाला १० फ्रेम लिहिलेले असते. दर्जा न घटवणारी रॉ फाइल निवडली की वेग ६ फ्रेमच्या आसपास येतो. ४के चित्रण ६० फ्रेमवर नेले की चौकट दीडपटीने कापली जाते आणि २८ मिमीची लेन्स ४२ मिमीसारखी वागते. मंगल कार्यालयात पाठ भिंतीला टेकलेली असताना हे फार जाचते. एका चार्जमध्ये ५८० फोटो हा आकडाही प्रमाणित चाचणीतला आहे. व्हिडिओ सुरू केला की तो विसरावा.

दुकानात तपासणी

स्वतःचे कार्ड सोबत न्या आणि फोटो घरी मोठ्या पडद्यावर पाहा.

- आयएसओ ६४०० वर दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात उभ्या माणसाचा फोटो काढा. केस आणि भुवया वेगळ्या दिसतात की मेणासारख्या एकजीव होतात, ते बघा.
- परवानगी मिळाली तर बाहेर येऊन समोरून येणाऱ्या बसवर सलग फोकस लावून वीसेक फ्रेम घ्या. किती फ्रेममध्ये पाटीवरची अक्षरे स्पष्ट आहेत, ते मोजा.
- आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर एलईडी दिव्याखाली वापरून पाहा. आडवे पट्टे आले तर मंडपात तो उपयोगाचा नाही.
- जुना कॅमेरा घेताना एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. सेन्सरवरची धूळ ठिपक्यांसारखी दिसते. शटर किती वेळा पडला तेही विचारा. या वर्गातले शटर साधारण दोन लाख वेळांसाठी बनवलेले असतात.

स्वस्तात भागेल का?

उणकल तलावावरचे पक्षी किंवा दांडेलीचे धनेश टिपायचे असतील तर फुल-फ्रेमचा हट्ट नको. दीडपट क्रॉपच्या सेन्सरवर ४०० मिमीची लेन्स ६०० मिमीची चौकट देते. २०२४ अखेर आलेल्या निकॉन झेड५० टू ची बॉडी सुमारे ७८ हजारांची होती. पण त्यात कार्डाची जागा एकच आणि बॉडीत स्थिरीकरण नाही. पैसे घेऊन लग्नाचे चित्रण करणाऱ्याने दोन कार्डांची सोय सोडू नये. कार्ड बिघडले तर सप्तपदी पुन्हा होत नाही.

बिल आणि तक्रार

बिलावर बॉडीचा आणि लेन्सचा अनुक्रमांक लिहून घ्या. वॉरंटी कंपनीच्या भारतीय शाखेची आहे ना, याची खात्री करा. बाहेरून आणलेल्या स्वस्त मालाला ती सहसा लागू होत नाही. फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. ऑनलाइन खरेदी असली तरी तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे धारवाडच्या ग्राहक आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

एवढे करूनही मन होत नसेल तर तीच बॉडी आधी एका कार्यक्रमापुरती भाड्याने घ्या. भाडे वाया गेले तरी चालेल. साडेतीन लाख जाऊ नयेत.