‘सिकल पॉझिटिव्ह’ एवढ्यावर थांबू नका

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर कित्येक घरांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या चाचणीचा ‘सिकल पॉझिटिव्ह’ लिहिलेला कागद जपून ठेवलेला असतो. तो अर्धाच निकाल असतो. सोल्युबिलिटी या चाचणीतून रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं. माणूस वाहक की रुग्ण, हे कळत नाही. त्यासाठी पुढची तपासणी लागते आणि तिच्या नावालाच लोक बिचकतात: हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस.

नाव तोडून म्हणा. हि-मो-ग्लो-बिन. इ-लेक्-ट्रो-फो-रे-सिस. ‘हिमो’ म्हणजे रक्त, ‘ग्लोबिन’ हे प्रथिन, ‘इलेक्ट्रो’ म्हणजे वीज आणि ‘फोरेसिस’ हा वाहून नेण्यासाठीचा ग्रीक शब्द. तपासणीत घडतंही तेच. रक्ताचा थेंब पट्टीवर ठेवून वीज सोडतात. नेहमीचं ‘ए’ हिमोग्लोबिन पुढे सरकतं, सिकलचं ‘एस’ मागे राहतं. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी 1949 साली हाच फरक दाखवला. आता बऱ्याच ठिकाणी हेच काम एचपीएलसी नावाचं यंत्र करतं.

रिपोर्टवर ‘एएस’ असेल तर तुम्ही वाहक, म्हणजे रक्तात ‘एस’ आहे पण आजार नाही. औषधाची गरज नाही. ‘एसएस’ असेल तर सिकलचा आजार. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर तपासणीआधी जरूर सांगा. दुसऱ्याच्या रक्तातलं ‘ए’ मिसळून निकाल फसवा येतो.

रुग्णाने भरपूर पाणी प्यावं. हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड ही औषधं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत, मनाने बंद करू नयेत. गुजरातला ऊसतोडीला जाताना गोळ्या आणि रिपोर्ट दोन्ही सोबत न्या. ताप, छातीत दुखणं, धाप, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, लहान मुलाचं पोट डावीकडे एकदम फुगून चेहरा पांढरा पडणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

होळीला मंडळी गावी परततात, मग लग्नं ठरतात. दोघंही ‘एएस’ असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल ‘एसएस’ होण्याची शक्यता 25 टक्के असते. लग्न मोडा असं मी कुणालाच सांगत नाही, आणि सगळा दोष मुलीवर टाकणं तर साफ चूक आहे. मुलाला आजार होतो तो आई-बाप दोघांकडून आलेल्या ‘एस’मुळे. पण दोघांचे रिपोर्ट आधी हातात असावेत. लग्न झालं असेल तर दिवस राहिल्याबरोबर दोघांनी ते रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना भेटावं. गर्भाची तपासणी सुरुवातीच्या महिन्यांतच करता येते.