नवे सेल टाकूनही रिमोट बंद?

टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला की आपण आधी तो तळहातावर आपटतो, मग मागचं झाकण काढून सेल बोटाने गोल फिरवतो. तेवढ्याने चालला की विषय संपला. माझं म्हणणं, दोष काय आहे ते तिथेच कळलेलं असतं. सेल फिरवून रिमोट चालतो म्हणजे सेलमध्ये जोर आहे आणि रिमोटही शाबूत आहे. स्प्रिंगवर साचलेला थर वीज अडवत होता, तो फिरवताना जरा खरवडला गेला. तो साफ न करता नवे सेल घातले तर तेही अडतात, आणि ‘नवे सेल टाकले तरी बंद’ एवढ्यावर चांगला रिमोट भंगारात जातो.

खातरजमा करायला मोबाइलचा कॅमेरा पुरतो. रिमोटचं टोक त्याच्यापुढे धरून बटण दाबावं. रिमोटचा अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्यात मात्र जांभळट लुकलुक उमटते. काही फोनचा मागचा कॅमेरा हा प्रकाश गाळतो, म्हणून आधी एसीच्या चालत्या रिमोटवर पारख करावी, नाहीतर सेल्फी कॅमेरा घ्यावा. (ब्लूटूथच्या रिमोटना ही कसोटी लागू नाही.) लुकलुक दिसली तर दोष बहुधा टीव्हीकडे, कधी तर सेन्सरपुढे कोणीतरी फोटोफ्रेम ठेवलेली असते. बटण न दाबताच लुकलुकत असेल तर एखादं बटण आत रुतलंय. काहीच दिसलं नाही तर सेलचा कप्पा बघावा. तिथे पांढरट-हिरवी भुकटी असेल तर सेल गळलाय. अल्कलाइन सेल असेल तर कानकाडीवर लिंबाचा थेंब, साधा झिंकचा असेल तर खाण्याच्या सोड्याचं पाणी. कानकाडी ओलसर हवी, टपटपती नको. मग कोरडं पुसून पॉलिश पेपर हलकेच फिरवावा आणि हात धुवावेत.

नवा रिमोट स्वस्तात मिळतो, मग ही खटपट कशाला, असं कोणी म्हणेल. मिळतो, पण तो बहुधा डुप्लिकेट. चॅनल आणि आवाज चालतो, सेटिंगचं बटण दाबलं की भलतंच काही होतं. शिवाय दोष टीव्हीच्या सेन्सरमध्ये असेल तर तोही तसाच गप्प बसणार. साफसफाईनंतर एक जुना, एक नवा सेल अशी काटकसरीची जोडी मात्र लावू नये. जुना लवकर संपतो, नवा त्याच्यातून वीज रेटत राहतो आणि जुना गळायला लागतो.