टेंकडीवरील धांव

समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० मीटर उंच असलेली वेताळ टेंकडी हें पुणें शहरांतील सर्वांत उंच स्थान होय. एका वाटेनें माथा गांठून दुसऱ्या वाटेनें पायथ्याशीं परतणें, हा धांवण्याचा उत्तम व्यायाम आहे.

चढतांना धाप लागते, म्हणून चढच कठीण असें पुष्कळांस वाटतें. परंतु पायांची खरी परीक्षा उतारावर होते. चढतांना मांडीचे पुढील स्नायू आंखडून अंग वर लोटतात. उतरतांना तेच स्नायू ताणले जात असतांच अंगाचा भार सांवरतात. या ओढीनें त्यांचे सूक्ष्म तंतू दुखावतात, आणि वेदना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं प्रगट होते. तिला पालकांनीं भिऊं नये. मात्र सांधा सुजल्यास वैद्यास दाखवावें.

शिवाय येथील काळ्या खडकाचा मुरूम उन्हाळ्यांत पायाखालून निसटतो, व पावसाळ्यांत खडकावर शेवाळ धरतें. यास्तव उतारावर पावलें लहान व जलद टाकावीं, गुडघे किंचित् वांकवावे, दृष्टि चार पावलें पुढें ठेवावी. तीव्र चढ चालत चढण्यांत कमीपणा नाहीं. आरंभीं उतार थोडाच धांवावा. त्या अल्प श्रमानेंच स्नायू पुढील श्रमास सिद्ध होतात.

चढ दम पाहतो, उतार संयम पाहतो. माथा गांठणें हें अर्धेंच कार्य होय. धडधाकट परतणें हें पूर्ण.